माझं मनगट आणि तुमचे बंधू

ती. वन्सं यांस,

नमस्कार. (दोन्ही हात जोडून करायचा असतो, पण उजवा अजून पुरता मिटत नाही, एका हाताचा गोड मानून घ्या.) तुमचे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? इकडे तुमचे बंधू ठीक आणि मी अजून धक्क्यात.

मनगटाचं ऑपरेशन पंधरा मिनिटांत उरकलं. एक कॉलर बेतायला मला याहून जास्त वेळ लागतो. दबलेली नस मोकळी केली, टाके घातले (वाकडे; आमच्या दुकानात असते तर उसवायला लावले असते). पण खरा प्रकार त्याआधीचा. हात किती लवकर बरा होईल ते कशाकशावर अवलंबून असतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी चौकशी मांडली. वय? मी दोन वर्षं कमी सांगितलं. साखर? नाही. सिगारेट? (माझ्याकडे बघून विचारलं हो.) काम? दिवसभर कात्री. मग बोटं बधिर कधीपासून? म्हटलं, झाले असतील दोन-तीन महिने. त्यावर तुमचे बंधू, ज्यांना बावीस वर्षांत मी केस कापलेले कधी कळले नाहीत, पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "चार वर्षं. एकदा बोटात टाचणी रुतवून घरी आली आणि मलाच विचारत होती, हे रक्त कोणाचं."

मी गार. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, उशीर सगळ्यात वाईट. नस जितकी वर्षं दबलेली, तितकी ती रुसून बसते. पकड यायला तीन महिने धरा. आणि दुकानाच्या मालकीणबाई माझं कापायचं टेबल सहाच आठवडे मोकळं ठेवणार, पुढे तिथे दुसरा कटर. त्यातले चार गेले.

दुसरा धक्का घरी. जड उचलायचं नाही, काही पिळायचं नाही, म्हणजे आता उपासमार, असं मी धरून चालले होते. तर मीठ कुठे असतं हे रोज विचारणाऱ्या या माणसाने कांदा असा चिरला की प्रत्येक तुकडा एका मापाचा. माप मला कळतं, वन्सं. खोदून विचारल्यावर म्हणे, लग्नाआधी पंपघरावर नोकरीला होतो तेव्हा तिथल्या खोलीत सहा वर्षं हातानेच करून खात होतो, ताईला माहीत आहे. तुम्हाला माहीत होतं! आणि बावीस वर्षं तुम्ही मला "भाऊ माझा भोळा" ऐकवत आलात.

बोटांचे व्यायाम नेमाने करते. हे पत्र त्यातलाच एक. काल कात्री कागदावर वीतभर चालली.

तुमची भावजय

ता. क. : डाव्या हाताचीही तीन बोटं बधिर व्हायला लागलीत, पाच महिने झाले. यांना सांगू नका, एका हातानेच घाबरलेत. आणि दुकानात कळलं तर टेबल गेलंच. तुम्ही एवढं करा, आठवडाभर आजारी पडा आणि मला बोलावून घ्या. तुमच्याकडच्या डॉक्टरला गुपचूप दाखवून येईन. (गुडघे पुरतील. खोकला नको, तो भावोजींचा आहे.)

आणखी ता. क. : ताई, लिफाफा चिकटवायला माझ्याकडे आला, म्हणून हे अक्षर माझं. तू आजारी पडू नकोस. डावा हात पाच नाही, सात महिने. डॉक्टरीणबाईंची गुरुवारची वेळ घेतली आहे, मालकीणबाईंकडे टेबलाचं बोलायला उद्या जातोय. तिला एवढ्यात कळवू नकोस. तिला अजून वाटतंय, मला फक्त कांदा कळतो.