ताटाखालची चवली

प्रिय आत्या,

वाढणारी गंगू आज मोरीपाशी अडून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, ताटाखाली ठेवलेले पैसे कोनाचे? थे सांगा, नाहीतर मी चालली." उद्या सांगते म्हणून मी वेळ मारून नेली. खानावळ माझ्या गळ्यात घालून तू निघून गेलीस. आता तूच सांग, काय उत्तर देऊ तिला?

तुला तो सर्वे खात्याचा बाबू आठवतो? आपल्या कळंबात ताटाखाली दोन आण्यांची चवली ठेवून जाणारा तो पहिलाच. तुला वाटलं, विसरला! पदर खोचून मोटारस्टँडपर्यंत पळालीस आणि सुटत्या मोटारीच्या खिडकीतून ती चवली त्याच्या हातात कोंबलीस. बिचारा ओशाळून म्हणाला, वाढणाऱ्या बाईंसाठी ठेवली होती. अगं, वाढणारी मीच होते की!

"वाढनारीले कायचे पैसे? घरची हाये थे," म्हणून तू हसत परत आलीस. मी मात्र तुझ्याशी धड बोलेना. बांगड्या भरायच्या होत्या मला. तेव्हा भाकरी थापता थापता तू म्हणालीस, "पैशाची सवय लागली का वाढनारी पोट नाही पाहात, खिसा पाह्यते." मला ते मुळीच पटलं नव्हतं.

तेव्हाची रीतच न्यारी होती. तांड्यावरचा रामजीभाऊ बाजाराच्या दिवशी जेवायला यायचा आणि जाताना उपरण्यातल्या तुरीच्या शेंगा तुझ्या सुपात ओतायचा. त्या उकडून आपण सगळ्याच खायचो, भांडी घासणारी सोनाबाईसुद्धा. किती गोड लागायच्या गं!

आता नवे पैसे आले, बाबूलोक वाढले. ताटाखाली काही ठेवलं नाही तर गंगूचं तोंड उतरतं. परवा तिनं बाबूंच्या वरणावर तुपाची धार धरली आणि रामजीभाऊ दुसऱ्या भाकरीची वाट पाहून अर्धपोटी उठला. कुरकुर नाही केली त्यानं. शेंगाही नेहमीसारख्या ओतल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच रागात मी गंगूचे ताटाखालचे पैसे काढून घेतले.

पण तिचं तरी काय चुकलं? पदरी दोन लेकरं, आणि मी देते त्यात भागतं कुणाचं? तू तरी आमचा पगार कधी वाढवलास गं?

उद्या सांगते तिला. पैसे तुमचेच, माझे नाहीत. ते तुझ्या त्या शेंगांच्या सुपात पडतील आणि गंगू, सोनाबाई, भाकऱ्या करणारी यशोदा, तिघी वाटून घेतील. भाकरी मात्र आधी बसला त्याला आधी.

आणि आत्या, चवलीसाठी मी कुणाच्या मोटारीमागे पळणार नाही. पण रामजीभाऊ पुन्हा अर्धपोटी उठला, तर त्याच्या बैलगाडीमागे भाकरी घेऊन पळेन. तुझ्यासारखाच पदर खोचून.

तुझी भाची,
कुसुम