मँडोलिन परत मिळणार नाही

तीर्थरूप मामांच्या चरणी,

भाचीचा, कंबर परवानगी देईल तेवढा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा, तुमचा खोकला आणि वरच्या मजल्यावरच्यांशी चाललेलं तुमचं भांडण ही तिन्ही पूर्वीसारखीच असतील असं धरून चालते. मामी बऱ्या असतील. तुमच्या हिरड्या कशा आहेत? ती जुनी ढिली कवळी फार टोचत नाही ना? (हे मी अगदी मनापासून विचारते आहे. सध्या मऊच खा.) इकडे आम्ही सगळे मजेत आहोत आणि मी रागावलेली आहे.

तुमचं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा जास्त राग आला. रविवारी जावईबापू गाडी घेऊन येतील, त्यांच्याजवळ मँडोलिन चादरीत गुंडाळून द्यावी, असं तुम्ही लिहिता. ती माझ्या मांडीवर ठेवताना तुम्ही अट घातली होती हे मला मान्य आहे. वर्षाच्या आत एक चाल, फक्त एक, पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वच्छ वाजली पाहिजे, नाहीतर मँडोलिन जावयाला. वर्ष संपलं, हेही मान्य. पण मँडोलिन मिळणार नाही. जावईबापू ती दिवाणखान्यात टीव्हीच्या वर खिळ्याला टांगणार आहेत, हे त्यांनीच मला फोनवर सांगितलं, वर भिंतीच्या रंगाला ती शोभेल असंही म्हणाले. असल्या माणसाला मी उशीची खोळसुद्धा देणार नाही.

आणि माझं वाजवणं स्वच्छ नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं? तुम्ही ते ऐकलंय कधी? मी नऊ वर्षांची असल्यापासून सुट्टीत तुमच्यासमोर वाजवायला बसते आहे. आता माझ्या पोरीला नोकरी लागली, पण तुम्ही मला चौथ्या सुराच्या पुढे जाऊ दिलेलं नाही. चौथा सूर आला की तुमचं “थांब!” आलंच. (मामीसुद्धा स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवायच्या.) मग पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा “थांब!” त्या चालीला शेवट आहे हे मला पंचविशीत, दुसऱ्याच कुणाकडून कळलं. तुम्ही वाद्यवृंदात तीस वर्षं वाजवलंत, तुमचा कान तिखट आहे, सगळं खरं. पण चार सुरांवरून माणसाचा निकाल लावायचा, ही कुठली रीत?

आता माझी चूक सांगते, कारण मी प्रामाणिक आहे. (निदान या परिच्छेदापुरती.) तेवीस वर्षं मी डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या बनवते आहे. मेणात एकेक दात बसवायचा तर सुरी चिमटीत गच्च धरावी लागते, आणि ती सवय बोटांत इतकी मुरली की तार छेडायची नखीही मी तशीच धरायची. तार वाजण्याऐवजी कळवळायची. तुम्ही फोनवर म्हणालात, मनगट सैल सोड. सोडलं. पण मनगटं काही दोन नाहीत माझ्याकडे, एक घरचं आणि एक कामाचं! ते खोलीतही सैल पडलं, आणि त्याच आठवड्यात एका गृहस्थांच्या कवळीचा उजवीकडचा एक दात केसभर उंच बसला.

हे गृहस्थ जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना मोजणीसाहेब म्हणतो. नवी कवळी लावून ते तिसऱ्या दिवशी तक्रार घेऊन हजर झाले. दुपारची सुट्टी होती, मँडोलिन माझ्या मांडीवर, समोर फळीवर एकवीस प्लास्टरचे जबडे. (माझा नेहमीचा श्रोतृवर्ग. सगळे आ वासून ऐकतात, पण मध्ये कुणी बोलत नाही, हे तुम्ही लक्षात घ्या.) साहेब बोलायला लागले आणि प्रत्येक शब्दाबरोबर तो दात वाजायला लागला. टक, टक, टक. आयुष्यभर साखळी टाकून पावलं मोजलेला माणूस, बोलणंही अगदी मापात. माझा हात आपोआप त्या ठोक्यावर चालायला लागला, खाली, वर, खाली, वर. आणि मामा, आयुष्यात पहिल्यांदा माझे ठोके सारखे पडले. मी त्यांना हात जोडून म्हटलं, “साहेब, थांबू नका, बोलत राहा.” त्यांचं म्हणणं असं ऐकून घ्यायला बहुधा कित्येक वर्षांत कुणाला वेळ झाला नसावा. त्यांनी एका बांधाच्या वादाची पाऊण तास हकिकत सांगितली. मी पाऊण तास वाजवलं.

त्यानंतर ते रोज दुपारी यायला लागले. कवळी दुरुस्त करायला पाच मिनिटं लागली असती. मी ती तीन आठवडे केली नाही. (“हिरड्या जरा स्थिर होऊ द्या,” असं मी सांगितलं. त्यांना ते खरं वाटलं नाही, पण ते येत राहिले.) एके दिवशी ते बांधाची गोष्ट अर्ध्यावर सोडून म्हणाले, “बाई, तुमची हद्द चुकते आहे. तुम्ही शेजाऱ्याच्या जागेत शिरताय.” आणि खिशातून पट्टी काढून त्यांनी माझी नखी किती लांब जाते ते मोजलं. दीड इंच! तार छेडून झाल्यावर ती पुढच्या जोडीच्या तारांना ओरखडा काढूनच परत यायची, आणि तीच ती घाण, जिच्यापायी तुम्ही चौथ्या सुराला ओरडायचा. “पाव इंच पुरे,” साहेब म्हणाले. चाळीस वर्षं तुम्ही मला थांब म्हणालात, पण कशासाठी थांबायचं ते या माणसाने एका पट्टीने दाखवलं. रागावू नका. रागावलात तरी माझी हरकत नाही.

पाव इंचाला दुकानातली नखी चालेना, ती लवचीक, वाकून उशिरा परतायची. म्हणून मी कवळीच्याच मसाल्याची घडवली. पहिली तुटली आणि तिचा तुकडा डॉक्टरांच्या चहात पडला. दुसरीही तुटली. तिसरी मात्र मी जुन्या, वर्षानुवर्षं मुरलेल्या तुकड्यातून कापली, पॉलिशच्या मोटारीवर घासली, कडा गुळगुळीत केल्या. तिने जोडीतल्या दोन्ही तारा एकदम, एकच असल्यासारख्या वाजतात. सोमवारी मी ती चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. एकही ओरखडा नाही. मोजणीसाहेब तेवढा वेळ बोलायचेच विसरले, म्हणजे मी ठोक्याशिवाय वाजवली. मग मी त्यांचा दात घासून दिला आणि जरा रडलेही.

तेव्हा जावईबापूंना कळवा, येण्याची तसदी घेऊ नका. टीव्हीच्या वर घड्याळ लावा. मला तुमच्याकडून काही नको, शाबासकीही नको.

तुमची, तुमच्याच वळणावर गेलेली,
भाची

ता. क. चार महिन्यांपूर्वी तुम्ही तुमची चांगली कवळी बारीकशी चीर बुजवायला माझ्याकडे पाठवली होती. मसाला संपलाय, मोटार बिघडलीय, असं मी कळवत आले. ते खोटं होतं. वर ज्या मुरलेल्या तुकड्याचा उल्लेख आहे, तो तुमच्या टाळूचा. तो कापताना मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही, हे कबूल करते. आता त्या कवळीत दात शिल्लक आहेत, पण ते ज्यावर बसतात ते नाही.

ता. क. २. नवी बनवून देते, माझ्या खर्चाने. पण माप पोस्टाने घेता येत नाही, तुम्हालाच यावं लागेल. गुरुवारी दुपारी या. डॉक्टर तुमच्या तोंडात मापाचा लगदा भरतील, आणि तो घट्ट होईपर्यंत तोंड हलवायचं नसतं. “थांब” म्हणायला जीभ जिथे लावावी लागते, तिथे लगदा असेल. मी मागच्या खोलीचं दार उघडं ठेवीन. लगदा निघाला की हवं ते बोला, चुका काढा, मँडोलिन काखोटीला मारून खुशाल घेऊन जा, मी अडवणार नाही. पण त्याआधी, मामा, एकदा शेवटपर्यंत ऐका. डॉक्टरांना मी लगदा गार पाण्यात कालवायला सांगितला आहे. त्याने तो घट्ट व्हायला अर्धं मिनिट जास्त लागतं, आणि त्या चालीची शेवटची ओळ दोनदा आहे.