खजुरांतला माड

अब्बा, पहाटे डोळे मिटले की अजून तो आवाज येतो. विहिरीवरच्या लाकडी चाकाची कुईकुई. बैल उतारावरून खाली जाताना लांबलचक, मागे येताना तुटक तुटक. शाळेतल्या कवितांचं वेड माझ्या डोक्यातून तेव्हा उतरलं नव्हतं, आजही नाही. मी म्हणालो होतो, हे चाक वृत्तात गातंय. तुम्ही कासरा ओढत म्हणालात, "मॅट्रिक झालास ना? मग त्याला तेल घाल. वृत्त आपोआप बंद पडेल."

आज मी त्याच विहिरीशेजारच्या खोलीत बसून लिहितोय. चाकाला आता पिवळे दिवे लावलेत, ते फिरत नाही. झावळ्यांच्या ज्या झोपडीत आपण बापलेक निजायचो, ती पाडून तिथे तशाच दिसणाऱ्या कॉटेजेस बांधल्यात. बाहेरून झावळ्या, आत एसी आणि उशीवर चॉकलेट. तुमच्या नातवाने एका रात्रीसाठी दोन कॉटेजेस घेतल्या. त्याचा दुबईतला जॉब खलास झालाय, करामाच्या फ्लॅटमधलं सामान बांधून ठेवलंय, पुढच्या आठवड्यात आम्ही सगळे कायमचे रत्नागिरीला. "अब्बा, जाण्याआधी तुमच्या बागेत नाइट स्टे! कसं आहे सरप्राइज?" असं मला म्हणताना तो इतका खूश होता. तुमची पणती, आजोबाला दादा म्हणणारी, दारातच ओरडली, "दादा, दिस इज सो क्यूट! यू लिव्ड हिअर?" हो म्हटलं. तिला पुढचं काय सांगणार? मला कॉटेज नको होती. मला तुमच्या कबरीच्या उशाशी बसून, जाण्याआधी एकदा, फातिहा पढायची होती.

साठच्या दशकातली ती वर्षं. आपल्या खाडीतून लाँच निघते, इथल्या अरबी किनाऱ्यावर, खोरफक्कानच्या अलीकडे, माणसांना गुडघाभर पाण्यात उतरवते, आणि माणसं चपला हातात धरून किनाऱ्याकडे चालू लागतात. तुम्ही आधी आलात, मी मागून. गावी तुम्ही दुसऱ्याच्या आगरात माड शिंपत होतात, इथे दुसऱ्याच्याच बागेत खजूर. मला पाहून पहिलं वाक्य, "मास्तर होणार होतास ना रे? आलास बैलाच्या मागे?" आणि मग पाठ फिरवून डोळे पुसलेत. मी पाहिलं नाही असं दाखवलं. संध्याकाळी चुलीवर मासळीचं कालवण रटरटत असे, तुम्ही पळी आपटून म्हणायचा, "हां, म्हण एखादी." मी कविता म्हणायचो, बाहेर बैल कान हलवायचे. "बघ, दाद देतायत," तुम्ही म्हणायचा. "शाळेत मिळाली होती का इतकी?"

मग तो ताप. डोळे पिवळे, पोटात पाणी ठरेना. डॉक्टर डोंगरापलीकडे, आणि वरच्या पावसाने वादी, एरवीची ती कोरडी नदी, भरून आलेली, गाडी येईना. मालक भला माणूस, रोज येऊन म्हणायचा, "इन्शाल्ला, उद्या." मी फडकं ओलं करून तुमच्या कपाळावर ठेवतो, ते वाळतं, पुन्हा ओलं करतो. याखेरीज माझ्या हातात काही नाही. वादी ओसरली तेव्हा तुम्ही नव्हतात.

बागेच्या कडेला तुम्हाला ठेवलं. इथल्या रीतीप्रमाणे नाव नाही, उशापायथ्याला नुसते दगड. मला धास्ती पडली, उद्या हे दगड हलले तर? खजूर तर सगळे एका चेहऱ्याचे. तेव्हा आपल्याकडचाच माणूस करेल तेच मी केलं. लाँचवरच्या तांडेलाकडून कोंब आलेला नारळ मागून आणला आणि तुमच्या उशाशी लावला. म्हटलं, खजुरांच्या गर्दीत एकच माड, आंधळ्यालाही सापडेल. बागेतली माणसं पोट धरून हसली. हिंदुस्थानातला म्हणून मला ती 'हिंदी'च म्हणायची. "यल्ला, हिंदी, हा आठवड्यात मरेल!" फक्त मालकाची नवी सून हसली नाही. भिंतीवर आपल्यासाठी ताकाचा वाडगा ठेवून जाणारी तीच. भिंतीमागून तिने एवढंच म्हटलं, जा, पाणी मी घालीन.

मी दुबईला गेलो, दुकानात लागलो, संसार झाला. पुढे रस्ता झाल्यावर एकदा आलो तर बागेला कुलूप, मालकाचं घर दुसरीकडे गेलेलं. पण मी निश्चिंत होतो, अब्बा. माड आहे ना!

काल गाडीतून उतरलो आणि पाहिलं. माडच माड. स्विमिंग पूलच्या कडेने, पार्किंगपाशी, वाटेच्या दोन्ही बाजूंना. रिसेप्शनवरचा केरळी मुलगा अभिमानाने सांगतो, "सर, गेस्ट लोगों को पसंद है. कुछ पुराना, कुछ नया." पुराना कौन सा, विचारलं. "मालूम नहीं सर. यहाँ की बूढ़ी मैडम को पूछना पड़ेगा, पर वो किसी से मिलती नहीं." कबर हा शब्द काढला तर बिचारा इकडेतिकडे पाहून कुजबुजला, "सर, प्लीज, गेस्ट के सामने नहीं." माझा मुलगा म्हणाला, "अब्बा, कुठेही पढा ना, पोचतं." पोचत असेल. पण मी काल उन्हं उतरेपर्यंत एकेका उंच माडापाशी उभा राहत होतो. बुंध्याला हात लावत होतो. आसपासचे लोक फोटो काढत होते, मी त्यांच्या फोटोत येऊ नये म्हणून बाजूला होत होतो.

हे पत्र पाठवायचं नाहीच. पत्ता काय लिहू, कुठल्या झाडाखाली? एक मात्र कबूल करतो. एकाही झाडापाशी तुम्ही आहात असं मला वाटलं नाही. शेवटच्या माडाजवळ गुडघे दुखले म्हणून बसलो, तर ओठांवर फातिहाऐवजी शाळेतली कविताच आली. ती मी पुरी म्हटली. दाद द्यायला बैलही नव्हते.

दारावर कुणीतरी काठीने ठोकतंय. थांबा हं.

अब्बा, दारात एक अरब म्हातारी उभी आहे. चेहऱ्यावर जुन्या बायकांची ती सोनेरी मुखपट्टी, मागे रिसेप्शनवरचा मुलगा धापा टाकत "मैडम, मैडम" करतोय. बसा म्हटलं तर बसत नाही. मोडक्या हिंदीत तिने विचारलं, "नारियलवाला हिंदी? तू अभी तक जिंदा है? चल." मी चष्मा शोधायच्या निमित्ताने आत येऊन हे एवढं लिहितोय. चष्मा नाकावरच आहे. येतो, अब्बा.