निम्मी बाटली

१२ नोव्हेंबर, धसई
मेडिकल उघडतानाच होलसेलरचा मेसेज. लहान मुलांच्या खोकल्याच्या सिरपची एक बॅच खराब. विक्री बंद, माल परत. खाली लिहिलंय, मुलांची लघवी बंद होते. उरलेल्या बाटल्या खोक्यात भरल्या, वर ‘विकू नये’ लिहिलं. शेठना विचारलं, विकल्या गेल्या त्यांचं काय? म्हणाले, गेलेला माल आपला नाही. तरी दारावर कागद लावला. पण वाडीवरच्या जानकीला वाचता येत नाही. तिच्या पोरीसाठी बाटली मीच उघडून दिली होती, किती पाजायचं तेही झाकणावर बोट ठेवून दाखवलं होतं.

१३ नोव्हें.
दुपारी दुकान बंद करून वाडीवर. पोरगी अंगणात कोंबडीमागे पळत होती. विचारलं, शू नीट होते ना हिला? जानकी हसायलाच लागली. “येवढी शिकलीस नि पोरांची शू इचारत फिरतेस?” शेजारणी हसल्या, मीपण. पोरगी तोंडच उघडत नाही, दोनदाच पाजलं, जानकी म्हणाली. बाटली घेऊन आले. घरी पोटभर जेवले.

१४ नोव्हें.
परतीच्या खोक्यात ठेवताना बाटली नीट पाहिली. निम्मी रिकामी.
दोनदाच पाजलं ना?

१५ नोव्हें.
परत वाडीवर. जानकी सहज म्हणाली, “निम्मा सुनीला दिला.” सुनी तिची जाऊ. परवाच पोराला घेऊन वीटभट्टीवर गेली, पोर खोकत होतं. भट्टीवर निघणाऱ्याला वाडी घरातलं वाटून देते, मीठ, मसाला, तेल. तसंच हे. खोबरेलच्या रिकाम्या बाटलीत ओतून दिलं. त्यावर ना औषधाचं नाव, ना बॅच. “तूच बोललीस ना गो, चांगला औषध हाय.”
बोलले होते.
भट्टी भिवंडीकडे, नक्की कुठे ते मुकादमाला ठाऊक. त्याचा फोन बंद.

१६ नोव्हें.
होलसेलरची गाडी खोकं घेऊन गेली. शेठ म्हणाले, सुटलो. आरोग्य केंद्रात डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी भिवंडीकडच्या दवाखान्यात फोन केला. तिकडचे विचारतात, भट्टी कोणती?
बाबा म्हणाले, “तू काय मुद्दाम दिलास? जेव आता.” मुद्दाम नाही. पण हात माझाच. कुणी खोबरेल मागितलं तरी दचकते. घरात पहिली शिकलेली म्हणून सगळे मलाच विचारतात, मी सांगते ते खरं धरतात.

१८ नोव्हें.
सकाळी मुकादमाचा फोन लागला. सुनी माती मळतेय, बोलावतो म्हणाला आणि फोन कुठेतरी ठेवला. जवळच एक पोर खोकत होतं. खोकला ऐकून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. मग सुनी आली. म्हटलं, ती तेलाच्या बाटलीतली दवा पाजू नकोस, पोराला आत्ता दवाखान्यात ने.
“त्याचा खोकला गेला गो. कालपासून नुसता निजतोय. उठवला तरी उठत नाय.”
शू विचारली. “बघते,” म्हणाली. भट्टी कुठली ते विचारायच्या आत फोन कटला. परत लावतेय, बंद.
डॉक्टरांना कळवलं. बाबांनी मोटारसायकल बाहेर काढलीय. भिवंडीपर्यंत रस्ता माहीत आहे, पुढे विचारत जाऊ.
फोनवर खोकत होतं ते पोर मग दुसऱ्या कुणाचं तरी. आणि भट्टीवरही बाया एकमेकींना मीठ, तेल वाटूनच देत असतील. ती बाटलीही