तिची पंधरा मिनिटं

३ फेब्रु., सोम.
ओझरला कामगारांपुढे बोललो. विषय जबाबदारी. टाळ्या भरपूर. सकाळी पावणेआठला, नेहमीप्रमाणे, सुरुवातीची वाक्यं कुणाला तरी ऐकवायची होती. ही गेल्यापासून ते काम मृणालचं. लेकीनं दोनदा फोन कापला, तिसऱ्यांदा उचलला. "आबा, खोक्यावर सराव करतेय. आठला ऑपरेशन आहे." म्हटलं, "बाप मोठा की खोका?" हसली. ऐकत राहिली.

५ फेब्रु., बुध.
घरी आली ती थेट बाथरूममध्ये. नळ सोडून रडत होती. सोमवारी दुर्बिणीतून पित्ताशय काढताना तिच्या हातून भलतीच नळी कापली गेली. तेव्हा कळलं नाही. आज पोटात पित्त साठलेलं. सिन्नरच्या शोभाबाई, चाळिशीही गाठली नाही अजून. अतिदक्षता विभागात आहेत.
मृणाल जेवली नाही. मीही...

६ फेब्रु.
तो खोका. आत कॅमेरा, दोन लांब चिमटे. रबरी कड्या या खुंटीवरून त्या खुंटीवर न्यायच्या. प्रत्येक ऑपरेशनआधी पंधरा मिनिटं. किती चेष्टा केली मी! ती म्हणायची, "हात आणि डोळे जागे व्हावे लागतात, आबा. तुम्ही तरी गळा तापवल्याशिवाय उभे राहता का?"
सोमवारी माझा गळा तापला. तिचे हात गारच राहिले.
विचारलं, त्यामुळेच झालं का? "असं सिद्ध होत नाही." मग उठताना, "पण याआधी कधी झालं नव्हतं."

८ फेब्रु., शनि.
दवाखान्यात गेलो. बाहेर बाकावर शोभाबाईंचे यजमान. त्यांनी मला ओळखलं. "सर, मागं आमच्या कंपनीत बोलले व्हते तुम्ही. चुकलं तं चुकलं म्हनायचं, म्हनले. लय पटलं." मग, "मॅडम तुमच्या कोन?"
"मुलगी."
ते मोसंबी सोलत राहिले. एक फोड माझ्या हातावर ठेवली. हजारोंपुढे न अडखळणारा मी, फोड चघळत बसलो.

१० फेब्रु., सोम.
दवाखान्यात समितीपुढे मृणालची चौकशी झाली. नेहमीचा सराव केला होता का? "नाही." का? "वेळ मिळाला नाही." घरी येऊन हे सांगताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही. म्हटलं, मी जाऊन खरं सांगतो. "फोन मी उचलला, आबा. तुम्ही यात पडायचं नाही. शब्द द्या." दिला.
उद्या दहाला शोभाबाईंची दुरुस्तीची शस्त्रक्रिया. मोठे सर करणार. मृणालला मदतीला बोलावलंय. "नाही उभी राहू शकत मी."

११ फेब्रु., मंगळ.
सकाळी उठलो तर जेवणाच्या टेबलावर खोका. दवाखान्यातून कधी आणला कोण जाणे. माझा फोन बंद केला. दारातच थांबलो.
चौकशी समितीला लिहिलेलं पत्र खिशात आहे. दिलं तर तिला दिलेला शब्द मोडतो. नाही दिलं तर आयुष्यभर लोकांना दिलेला.
मृणाल चिमटे धरून बसलीय. कडी खुंटीपर्यंत जाते आणि पडते.
पावणेआठ. पुन्हा पडली. तिनं पुन्हा उचलली.