निमपाड्याची शाळा आणि पांढरी जीप

धुळे, दि. ६ जानेवारी

चि. सौ. हेमलता हिस,
नानाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू 'बरं आहे' याच्यापुढे जात नाहीस, म्हणून पत्राला बसलो. वहिनीने भाकरीसाठी कळण्याचे पीठ पाठवले आहे. आवडले तर तिला कळव, नाही आवडले तर मला.

कमी पटाच्या शाळा मोठ्या शाळेत मिळवायचे वारे इथेही आहे. तुझ्या निमपाड्याच्या शाळेची पाहणी होणार म्हणतेस, तर एक ऐक. पाड्यात आधी बोभाटा करू नकोस. लोक जमले, ओरडले की साहेब बिथरतात, हे मी हेडमास्तरकीत पुष्कळ पाहिले आहे. मुले वर्गात दिसली म्हणजे झाले. आणि शाळा गेलीच, तर तुला खाली सपाटीवरची नशिराबादची शाळा मिळावी म्हणून ओळखीच्या माणसाच्या कानावर घातले आहे. पन्नाशीला आलीस, अजून किती वर्षे यावलची एसटी आणि पुढे सातपुड्याची चढण करशील? रागावू नकोस.

तुझा,
नाना

यावल, दि. १४ जानेवारी

ती. नाना यांस,
हेमलताचा सा. न. वि. वि.

पीठ छान आहे, वहिनींना सांगा. नशिराबादचं नाव मात्र काढू नका, मी खरंच रागावले आहे.

मोठी शाळा नाल्यापलीकडे, घाटरस्त्यावर आहे. तिथे लहान पोरी एकट्या कोण पाठवील? आईबाप केळीच्या बागांत मजुरीला जातात, मग पोरीही त्यांच्यामागे जातील. आमच्या पाड्यातल्या ताईबाईची रत्ना चौथीत आहे. घरात वाचणारी ती पहिलीच. आईला ती औषधाच्या बाटलीवरचं वाचून दाखवते, आणि ताईबाई ते साऱ्या पाड्याला सांगत सुटते. शाळा मोडली तर रत्ना पाचवी बघणार नाही.

तुमचं ऐकून पाहणीबद्दल कुणाला बोलले नाही. पण जिवाला घोर लागलाय.

आपली,
हेमलता

यावल, दि. २९ जानेवारी

ती. नाना यांस, सा. न.

नाना, घात झाला. काल पाहणी झाली. सगळी मुलं आली होती, खिचडी शिजत होती. साहेबांना घ्यायला मी हार घेऊन खाली वळणावर गेले. त्यांना घेऊन वर आले तर वर्गात चिटपाखरू नाही. पाट्या, दप्तरं तशीच. दारात चपला.

पाड्यातल्या लोकांचे वनजमिनीचे दावे पडून आहेत. वळणावर पांढरी जीप दिसली की पाड्यात कुणीतरी थाळी वाजवतो आणि सगळे लेकराबाळांसह जंगलात शिरतात. वनखात्याचे लोक कधीतरी जमिनीवरून उठवायला येतील, ही धास्ती. वर्षानुवर्षांची रीत आहे आणि मला ती ठाऊक होती! पण मी जीपकडे साहेबांची म्हणून पाहत होते, ते लोक तिच्याकडे कसे पाहतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एका शब्दाने सांगितलं असतं तर पोरं जागची हलली नसती.

मी हात जोडून सांगितलं. साहेब म्हणाले, की दिसतं तेवढंच त्यांना लिहिता येतं. मुलं परतली तोवर जीप निघून गेली होती.

हेमलता

धुळे, दि. ५ फेब्रुवारी

चि. हेमलता हिस, आशीर्वाद.

सल्ला माझा होता, तेव्हा दोष माझा. वहिनी दोन दिवस माझ्याशी धड बोललेली नाही, आणि ते बरोबरच आहे. फेरपाहणीसाठी अर्ज कर. पाड्यातल्या चार माणसांना सोबत ने. मी मसुदा पाठवतो.

नाना

यावल, दि. ४ मे

ती. नाना यांस,
सा. न. वि. वि.

अर्ज दिला. चार माणसं म्हणालात, सगळा पाडा आला. तालुक्याला उन्हात बसून राहिला. फेरपाहणी झालीच नाही. शाळा मोठ्या शाळेत मिळवल्याचा आदेश आला. मुलांना न्यायला गाडी देणार म्हणतात. जीप पाहून पळणारी पोरं त्या गाडीत बसतील का, असं मी विचारलं. साहेबांनी पुढचा कागद ओढला. मला मात्र नशिराबाद मिळालं, तुमच्या मनासारखं.

काल निरोप घ्यायला गेले. पाहणीचं मला आधीपासून माहीत होतं, हे अर्जाच्या वेळी पाड्याला कळलं होतं. त्याचा अर्थ त्यांनी सरळ लावला, की बाईंना गावात जायचं होतं, म्हणून त्यांनी पाहणीचं लपवलं. कुणी रागावलं नाही. ताईबाईने माझ्या पदरात चारोळी ओतली आणि म्हणाली, की बाई, तुनं काम व्हयी गयं, बरं झायं, आठे पाडामा कोन टिकस? रत्ना आता तिच्याबरोबर फैजपूरकडे केळीच्या बागांत जाणार आहे, तेही तिने हसतच सांगितलं.

तसं नाही गं, एवढं म्हणायला तोंड उघडलं, पण बदलीचा आदेश माझ्या पिशवीत होता. मी चारोळी घेतली आणि एसटी पकडली.

वहिनींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

आपली,
हेमलता