मसुरीच्या डाळीएवढा चेहरा

माय, तुझा एकच फोटो आहे आणि त्यात तुझा चेहरा मसुरीच्या डाळीएवढा आहे. केजच्या लग्नातला, सगळ्या भावकीचा. वाढप सोडून पदराला हात पुसत तू आलीस आणि मागच्या रांगेत उभी राहिलीस. एरवी कुणी कॅमेरा काढला की म्हणायचीस, "काहून फोटू काढायलास? मी काय इलेक्शनला उभी हाय?" आता आपल्याकडे बारशालाही चौकात फ्लेक्स लागतो, त्याला निवडणूक लागत नाही. धाकट्याने सिरसाळ्यात आडत दुकान टाकलंय. गादीच्या वर त्याला तुझा फोटो हवा, मोठा, हार शोभेल असा. त्याने घरातल्या त्या फोटोचा मोबाईलवर फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला, आणि डाळीची कणी झाली.

परळीच्या फ्लेक्सवाल्याने ती कणी संगणकात टाकली. "काका, काळजी नका करू. कितीबी मोठा करतो, क्वालिटी जाणार न्हाई." मोठा करणं म्हणजे काय, ते मी खोदून विचारलं. ठिपक्या-ठिपक्यांमधल्या रिकाम्या जागा भरायच्या. काय भरायचं ते मशीन आजूबाजूचे ठिपके आणि आधी पाहिलेले ढीगभर चेहरे यांवरून ठरवतं. म्हणजे आपली गल्लीच की! नवी सून आली की पदराआडून नाकाचा शेंडा दिसायचा, उरलेली सून गल्ली आपल्या मनाने तयार करायची. चहा येईपर्यंत पडद्यावर एक बाई आली. गोरीपान, गाल तुकतुकीत, भुवया पार्लरमधून आलेल्या. आणि कपाळ कोरं.

"इबूत कुठं गेली?" मी विचारलं.

"मशीनला डाग वाटला आसंल. पुसला त्यानं."

"डाग? कपाळाला तीन बोटं ओढल्याशिवाय तिनं कधी चहा घेतला न्हाई, बे!"

धाकटा मात्र हरखलेला. "लई भारी दिसायली, दादा. राहू दे की."

"भारी हाय. पण माय कुणाची हाय?"

मला अंगण दिसतं. तू पापड वाळत घालतेयस आणि थर्मलच्या धुराड्याची राख अलगद त्यांवर बसतेय. मी म्हणतो, कपाळावर राख, पापडावर राख, काय माय हे! तू लाटणं उगारतेस. "कपाळावरची देवाची, पापडावरची सरकारची. एवढं कळंना तर शाळा कशाला शिकायलास रे?" मशीनलाही ते कळलं नाही, आणि ते तर जगभरच्या शाळा शिकून आलंय. धाकट्याच्या पोरांनी तुला पाहिलेलं नाही. भिंतीवर जी लागेल तीच त्यांची आजी होणार. म्हणून मी हटून बसलो. मायचा चेहरा मला पाठ आहे, म्हणालो.

मूळ फोटो काचेतून काढून नीट स्कॅन करून घेतला आणि चेहरा टिकेल तेवढाच वाढवला. तळहाताएवढा झाला. धूसर आहेस, पण कपाळावर तीन फिकट रेषा आहेत. तो मोठ्या फ्रेमच्या मधोमध बसवला, भोवती कोरा पांढरा कागद. हार झकास बसला. धाकटा फुगला. "लोक हसतील. फ्रेम एवढी आन् फोटो एवढासा!"

"हसू दे. बघायला जवळ तर येतील."

आले. उद्घाटनाला जुन्या शेजारणीलाही बोलावलं होतं. पार थकलीय बिचारी. चष्मा सावरत फोटोला नाक लावून उभी राहिली आणि ओरडलीच, "आगं बया, वैनी! आशीच बघायची, डोळे बारके करून!" धाकट्याचा फुगा तिथेच उतरला. लेकरांना पुढे ओढून तो सांगू लागला, ही बघा तुमची आजी.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. तुझा पिनकोड विचारायचा तरी कुणाला? शेजारीण बोलली तेव्हा मीही जाणत्यासारखी मान हलवली. तू डोळे बारीक करून बघायचीस, हे मला तिच्याकडूनच कळलं.